नानांच्या नावानं

"आबा, बाजूला व्हा! नाना दरवाज्यापाशी पोचलेत!"

असं ओरडत माझी नात केतकी जिन्यानं वर गेली, गच्चीच्या कठड्याला हात लावून खाली आली, अंगणातल्या पेरूला वळसा घातला आणि पुन्हा वर पळाली. मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट. तिला मैदानावर न्यायला आलो होतो. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"केतू, ग्राउंडवर जाऊ की. जिन्यात काय धडपडतेस?"

"नको. ग्राउंडवर तुम्ही शिट्टी मारता," ती वरूनच म्हणाली. "आणि नाना थांबलेत माझ्यासाठी."

नाना म्हणजे तिच्या आईचे वडील. आमचे व्याही, प्रभाकरराव वानखडे. राहायला अमरावतीला. म्हणजे साताऱ्याहून निघालं तर एक अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते. आणि हा माणूस तिकडं बसून माझ्या घरात, माझ्या जिन्यात, माझी नात पळवत होता.

मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. आयुष्यभर एकाच हायस्कुलात खो-खो शिकवला. साताऱ्यातल्या निम्म्या लोकांच्या गुडघ्यांवरचे व्रण माझ्या मैदानावरचे आहेत. माझ्या संघातल्या मुली राज्याला खेळल्या. रस्त्यानं निघालो की बँकेतला मॅनेजर खुर्चीतून उठून 'नमस्कार सर' म्हणतो. आणि माझी सख्खी नात, वय वर्षं नऊ, मैदानावर नेली की कडुलिंबाच्या पारावर बसून पिशवीतले शेंगदाणे खायची. अंगानं चांगली भरलेली. दोन जिने चढली की धाप लागायची. दिवाळीच्या आधी रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरांनी माझ्या सुनेला समोर बसवून सांगितलं, "साखर अजून घरात शिरली नाहीये, पण उंबरठ्यावर उभी आहे. हे मूल हललं पाहिजे. रोज."

सून, नीलिमा, घरी येऊन स्वयंपाकघरात रडली. मी म्हणालो, "रडू नकोस. मी आहे ना." त्या दिवसापासून मी केतकीला रोज मैदानावर नेऊ लागलो. गोड बोलून नेलं, रागावून नेलं, भेळेचं आमिष दाखवून नेलं. ती यायची आणि पारावर बसायची. खो-खोत पाटीवर बसलेल्या खेळाडूला पाठीत खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. मी खो देऊन देऊन थकलो, पोरगी काही उठेना.

अशात दिवाळीनंतर अमरावतीहून एक खोकं आलं. त्यात मनगटावर बांधायचा एक काळा पट्टा. बँड म्हणतात त्याला. नाना टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, त्यामुळं यंत्रांच्या नादाला लागलेले. त्यांनी फोनवर नीलिमाला समजावून ते ॲप बसवून घेतलं. ॲपमध्ये एक गड होता आणि दोन छोटे मावळे. लाल पागोट्याचा मावळा केतकीचा, निळ्याचा नानांचा. इथं केतकी चालली की लाल मावळा गड चढणार, तिकडं नाना चालले की निळा. वाटेत दरवाजे. आणि नियम असा, की दोघं पोचल्याशिवाय दरवाजा उघडत नाही.

"म्हणजे ही शर्यत नाहीये?" मी विचारलं.

"नाही हो आबा. जोडी आहे. एकानं थांबायचं दुसऱ्यासाठी."

"मग मला घे की जोडीला. मी इथंच आहे."

"जोडी दोघांचीच असते," केतकी म्हणाली. अगदी सहज म्हणाली.

खरं सांगतो, मी जळलो. चांगला धडधडून जळलो. आणि ही जळजळ काही त्या पट्ट्यापासूनची नव्हती, ती जुनी होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून केतकी अमरावतीला जन्मली. बारसं तिकडं झालं, पाळणा तिकडं हलला. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते बाराव्या दिवशी, पाहुण्यांच्या रांगेत उभा राहून. तिथं नाना तिला हातावर घेऊन मला म्हणाले होते, "सर, सांभाळून धरजा. मान धरत नाही अजून." जसं काही मी मूल पाहिलंच नव्हतं! ते वाक्य मी नऊ वर्षं विसरलो नव्हतो.

आणि आता हे. केतकी शाळेत चालत जायला लागली. रिक्षा बंद. दुकानात पाठवलं की लांबच्या दुकानात जायची. रात्री जेवण झाल्यावर आजीला धरून अंगणात फेऱ्या. दर दरवाज्याला तुतारी वाजायची आणि ही नाचायची. महिनाभरात तिचे गाल उतरले. घरात सगळ्यांना आनंद. नीलिमा फोनवर म्हणायची, "नाना, तुम्ही जादू केलीत." आणि मी कोपऱ्यात पेपर वाचत असायचो, म्हणजे पेपर धरून बसायचो.

"अहो, पोर चालतेय ना? मग कुणामुळं का चालेना," आमची ही म्हणाली.

"चालतेय, चांगलंच आहे. मी कुठं काय म्हटलं?"

"तुम्ही काही म्हणत नाही. पण व्याह्यांचं नाव निघालं की चहात साखर नसल्यासारखं तोंड करता."

तिचं खोटं नव्हतं. पण हळूहळू मला एक शंका यायला लागली आणि तिनं माझी तब्येत एकदम सुधारली.

शंका अशी. हा माणूस चालतो कधी? प्रभाकररावांना मी ओळखत होतो. पोरांच्या लग्नात वरातीबरोबर मारुतीच्या देवळापर्यंत चालायचं होतं, तर यांनी रिक्षा मागवली होती. पानाच्या टपरीवर स्कूटरनं जाणारा माणूस. त्याचा निळा मावळा आमच्या नऊ वर्षांच्या पोरीच्या पुढं? बरं, चढायचा कधी, तर भर दुपारी. चैत्र संपत आला होता. दुपारी अमरावतीत कुत्रं सावली सोडत नाही, आणि नानांचा मावळा त्याच वेळी सुसाट. व्हिडिओ कॉल केला तर सदैव बसलेले. इस्त्रीचा शर्ट, मागं भिंत, चेहरा तेवढा दिसणार.

"यानं तो पट्टा कुत्र्याला बांधलाय," मी हिला सांगितलं.

"त्यांच्याकडं कुत्रं नाही."

"मग मोलकरणीला. नाहीतर पोत्याला बांधून मुलांकडून हलवून घेत असेल. पोरीला फसवतोय तो!"

"असू दे की."

"असू दे कसं? खेळात लबाडी म्हणजे लबाडी. मी जन्मभर लबाडी चालू दिली नाही."

मधे एकदा निळा मावळा दोन-चार दिवस जागचा हललाच नाही. केतकी दरवाज्यापाशी अडकली. मला वाटलं, आता येईल माझ्याकडं. शिट्टी घरी ठेवली, आवाज मऊ केला, म्हणालो, "चल केतू, नुसतं फिरून येऊ." ती म्हणाली, "दरवाजाच उघडत नाही तर चालून काय करू?" आणि सोफ्यावर पाय पसरून बिस्किटांचा पुडा उघडला. तिला तसं बसलेलं पाहून नीलिमाचा चेहरा पडला. मग नानांचा मावळा पुन्हा हलला, पण लंगडत लंगडत, एकेका दरवाज्याला आठवडा लावत. केतकी फोन उशाशी घेऊन झोपायची.

त्याच सुमारास खो-खोच्या जुन्या पंचांचा एक मेळावा निघाला, नेमका अमरावतीला. एरवी मी असल्या मेळाव्यांना जात नाही. हार घालतात आणि भाषणं करतात. या वेळी मात्र मी लगेच होकार कळवला. घरी सांगितलं, मेळावा झाला की परस्पर परत येतो, व्याह्यांना कशाला त्रास. मनात मात्र सगळी मांडणी तयार होती. दुपारी, मावळा पळण्याच्या वेळेला, न कळवता दारात उभं राहायचं. नाना पलंगावर घोरत असतील आणि पट्टा पोत्याला बांधलेला असेल. मी काही बोलणार नाही. फक्त पोत्याकडं बघेन आणि त्यांच्याकडं बघेन.

पुण्याहून रात्रीच्या गाडीत बसलो आणि सकाळी बडनेऱ्याला उतरलो. मेळाव्यात हार घेतला, जेवलो, आणि ऊन अगदी माथ्यावर असताना रिक्षा करून व्याह्यांच्या दारात. फाटक लावलेलं, खिडक्यांना वाळ्याचे पडदे, कूलरचा घरघराट. कडी वाजवली.

दार विहीणबाईंनी उघडलं. मला पाहून त्या हसल्या नाहीत. दार अर्धवट धरूनच उभ्या राहिल्या.

"सर? तुमी? असे अचानक?"

"मेळाव्याला आलो होतो. म्हटलं व्याह्यांना भेटून जावं. चालायला गेलेत का?" मी मुद्दाम विचारलं.

त्यांचे डोळे भरून आले. मला कळेना, यात रडण्यासारखं काय आहे. तेवढ्यात आतून आवाज आला, "येऊ दे व त्याईले. आता आलेच हायत तं लपवून काय करतं?"

मी आत गेलो. मधल्या खोलीत पलंग होता आणि पलंगावर नाना आडवे. अंगात बनियन, कमरेपासून खाली चादर. पलंगाच्या कडेला खुंटीला इस्त्रीचा शर्ट लटकत होता, व्हिडिओ कॉलचा. समोर छताच्या कडीला एक लाकडी पाळणा टांगलेला. त्याची दोरी नानांच्या उजव्या हातात होती. हाताला काळा पट्टा. पाळणा अजून थोडा हलत होता.

"बसा सर," नाना म्हणाले. "उठता येत नाही, माफ करा."

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत न्हाणीघरात पाय घसरला होता. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन केलं, ते जुळलं नाही. वय, साखर, हृदय, सगळंच आड आलं. डॉक्टर म्हणाले, आता उभं राहायचं विसरा. खोकं त्यांनी आधीच पाठवलं होतं. पहिला गड नुकताच सुरू झाला होता.

"नीलिमाला माहीत नाही?" मी विचारलं.

"सांगतलं तं ती सारं सोडून येईन. केतकीले घेऊन येईन. पोट्टीनं मले असं पाह्यलं, तं गड संपला न सर."

"आणि हा पाळणा?"

"केतकीचाच हाय. बारशाचा. माळ्यावर होता." त्यांनी दोरी हलकेच ओढली. "नुसता हात हालवला तं हा पट्टा फसत नाही. त्याले चालीचा ताल पाहिजे. सारं करून पाह्यलं. पाळण्याचाच ताल बरोबर बसला. दुपारी कोणी येत नाही, मंग ओढत बसतो."

मी उठून पाळण्यात डोकावलो. आत दुपट्यावर एक भरलेली पिशवी ठेवलेली होती.

"जवारी हाय," विहीणबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "रिकामा पाळणा हालवू नाही म्हणतेत. मी म्हटलं, काही तरी ठेवा आत."

मी परत खुर्चीत बसलो. पोत्याकडं बघेन आणि त्यांच्याकडं बघेन, असं ठरवून आलो होतो. ज्वारीची पिशवी पाहिली. त्यांच्याकडं बघायला मात्र जमेना.

"आता हातही चालला," नाना म्हणाले. खांदा सुजून वर आला होता. "डॉक्टर म्हणते, दोरी सोडा. थे पोट्टी दरवाज्यात उभी असते. रोज फोन करते, नाना, कवा येता? काय सांगू तिले?" त्यांनी दोरी सोडली. मग म्हणाले, "सर, तुमी रोज किल्ला चढता न?"

"अजिंक्यतारा. हो. रोज पहाटे."

"मंग हा पट्टा तुमी बांधा."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा इतक्या वेळची सगळी हळहळ बाजूला सारून माझा जुना राग उसळून वर आला.

"म्हणजे चालायचं मी, आणि नाव तुमचं?"

"हो."

"माझी नात, माझ्या घरात, आणि मी तुमचं सोंग घेऊन किल्ला चढू? का? मी माझ्या नावानं चढतो की!"

"तुमच्या नावानं नाही चालत न थे," नाना म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. "चालली असती तं मी कायले दोरी ओढली असती?"

विहीणबाई 'अहो' म्हणाल्या. नानांनी हातानं त्यांना थांबवलं.

"राग येईन तुमाले, पण सांगतो. मले तुमचा लय हेवा वाटते, सर. तुमच्या घरी ती रोज उठते, दात घासते, रुसते, जेवते. मले ती एवढ्याशा काचीत दिसते, तेही रेंज असली तं. मी म्हणो, सारं त्या सरांले भेटलं. आपल्याले काय, तं पाळणा. तोही रिकामा."

इतकी वर्षं मला वाटत होतं, जळणारा मी एकटाच आहे.

 नानांनी दातांनी पट्ट्याचं टोक ओढून तो सोडला आणि माझ्यापुढं धरला. मी हात पुढं केला नाही. घाईत पलंगापाशीच काढलेले बूट घालायला म्हणून खाली वाकलो, नाडी बांधायला लागलो. तेवढ्यात पाठीवर एक थाप पडली. हलकीच. त्या दुखऱ्या हाताची.

"तुमच्या खेळात काय म्हणते, सर, पाठीत मारून?"

"खो," मी खाली वाकूनच म्हणालो.

"मंग घ्या. खो."

खो मिळाला की बसलेल्यानं उठायचं असतं आणि दिलेल्यानं त्याच्या जागी बसायचं असतं. विचारत बसायची सोय नसते. मी पट्टा घेतला. नानांनी पलंगावर पडल्या पडल्या माझ्या मोबाईलमध्ये त्यांचं खातं बसवून दिलं. त्यांच्या मोबाईलमध्ये नुसतं बघता येईल एवढी सोय ठेवली. "मी कुठवर पोचलो, थे मलेबी दिसलं पाहिजे," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून नाना अजिंक्यतारा चढू लागले.

मी पट्टा उजव्या मनगटावर, पूर्ण बाहीच्या शर्टाखाली लपवून बांधायचो. हिला सांगितलं, बाकी कुणाला नाही. सकाळी घरी येऊन अंगणात पाय धुवेपर्यंत केतकी फोन घेऊन नाचत बाहेर यायची. "आबा, नाना आले! एका दमात दोन दरवाजे! एवढं ऊन असून बघा कसे चालतात! तुम्ही पण चाला की असं!"

"चालतो बाई, जमेल तसं," मी म्हणायचो. पोटऱ्या ठणकत असायच्या.

"नानांसारखं नाही पण."

हे ऐकून आमची ही स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबायची. जगात स्वतःवरच जळणारा माणूस बहुधा मी एकटाच असेन.

एकदा मला फारच झोंबलं. शाळेत 'माझा आदर्श' म्हणून बोलायचं होतं आणि केतकीनं नानांवर भाषण केलं. बक्षीस मिळालं. घरी येऊन तेच भाषण मला करून दाखवलं, हातवाऱ्यांसकट. माझे आजोबा या वयातही गड चढतात, वगैरे वगैरे. मी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठलोच नाही. पांघरूण घेऊन पडून राहिलो. म्हटलं, बघू दे आदर्श कसा चढतो ते. दहाच्या सुमाराला केतकी माझ्या खोलीत आली, पलंगाच्या कडेला बसली.

"आबा, नाना हलले नाहीत आज. बरे असतील ना?"

मी उठलो. उन्हात किल्ला चढून आलो.

संध्याकाळी नानांचा फोन यायचा. मी गच्चीवर जाऊन घ्यायचो. "सर, आज मले लय पळवलं तुमी," ते हसून म्हणायचे. मग हळूच विचारायचे, "वरून काय दिसलं?" मी सांगायचो. खाली सातारा, पलीकडं यवतेश्वर, पाऊस होऊन गेला असला तर कासच्या बाजूचा धुरकटपणा. ते फोनवर गप्प ऐकायचे. मग म्हणायचे, "आन् पोट्टी?" तेही सांगायचो. सहा महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, साखर उंबरठ्यावरून खाली उतरली. मी आधी नानांना फोन केला. मला वाटलं होतं ते रडतील. ते म्हणाले, "सर, मी पोचलो म्हणायचं मंग." 'मी' म्हणाले. मला राग आला, पण मी तो गिळला.

नीलिमाला पुढं सांगावंच लागलं. ती जाऊन भेटून आली, खूप रडली. केतकीला मात्र सांगू नका, असं नानांनी तिच्याकडूनही वचन घेतलं. केतकीला एवढंच ठाऊक, की नाना आता अमरावती सोडून कुठं येत नाहीत, त्यांना प्रवास सोसत नाही. असे गडामागून गड झाले. केतकी सातवीत गेली, शाळेच्या खो-खो संघात आली. स्वतःहून आली. मी नाव घातलं नव्हतं.

नाना गेले ते श्रावणात. पहाटे झोपेतच. फोन आला तेव्हा मी घरी नव्हतो, किल्ल्यावर होतो. धुकं होतं, वाट निसरडी होती. त्या दिवशी माझे पाय छान चालत होते, मी थेट वरच्या मारुतीपर्यंत जाऊन आलो. घरी आलो तर दारात चपला, आत रडणं. म्हणजे प्राण गेल्यानंतर नाना किल्ला चढून, मारुतीला नमस्कार करून खाली उतरले होते. तिथंच अंगणात मी पट्टा सोडला आणि खिशात घातला.

अमरावतीचं सगळं आटपून आम्ही परत आलो. केतकीला शेवटचं बघायला नेलं होतं, तेव्हा पलंग, चाकाची खुर्ची काही तिच्या नजरेला पडणार नाही, अशी व्यवस्था विहीणबाईंनी केली होती. घरी आल्यावर एकदा ती माझ्याजवळ येऊन बसली. फोन हातात, त्यात नाना गेले त्या सकाळी पुढं सरकलेला निळा मावळा.  मग तिनं माझा उजवा हात मांडीवर घेतला आणि बाही वर सारली. उन्हानं काळ्या पडलेल्या मनगटावर एक पांढरा पट्टा उठला होता.

"हे काय आबा?"

"घड्याळाचं आहे."

"घड्याळ तुम्ही डाव्या हाताला घालता."

माझ्या तोंडाशी आलं होतं. अगदी ओठांवर. सगळे दरवाजे, सगळ्या तुताऱ्या, ते भाषण, त्याचं बक्षीस, सगळं एका वाक्यात माझं झालं असतं. नाना नव्हतेच आता हरकत घ्यायला. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. डोळे सुजलेले होते. मला ती ज्वारीची पिशवी आठवली.

"आधी उजव्या हाताला घालायचो," मी म्हणालो.

 तिनं बाही खाली ओढून बटण लावलं आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बूट घालून दारात उभी. फोन घरीच. "चला, मी पण येते," म्हणाली. एवढ्या वर्षांत ती माझ्याबरोबर पहिल्यांदा किल्ल्यावर आली. ती पुढं, मी मागं. नेमका त्या दिवशी माझा दम टिकेना. पाऊस नव्हता, घाई नव्हती, मोजणारं कुणी नव्हतं, आणि पाय उचलत नव्हते. मधे दोनदा बसलो. ती केव्हाच अजिंक्यताऱ्याच्या मोठ्या दरवाज्यापाशी पोचली आणि बुरुजाला टेकून उभी राहिली.

"या आबा, थांबलेय मी!" ती वरून ओरडली.

मी शेवटच्या पायऱ्या कशाबशा चढलो आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. 

"नाना असते ना," केतकी म्हणाली, "तर आतापर्यंत केव्हाच पोचले असते."

"पोचले असते," मी धापा टाकत म्हणालो.

तिनं माझं उजवं मनगट धरलं आणि मला आत ओढलं.